सरसकट बंद की पाच स्तर?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्राने 'ब्रेक द चेन' आदेशांखाली राज्यभर एकच कुलूप लावलं; ७ जूनपासून जिल्हा आणि मोठ्या महापालिकांनुसार निर्बंधांचे पाच स्तर आणले.

सरसकट बंदचा फायदा एकच, पण मोठा: नियम सगळ्यांना कळतो, पोलिसांनाही. खर्च मात्र रोजंदारीवाल्याच्या खिशातून जातो. म्हणून सोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि बांधकाम कामगारांना १,५०० रुपये. नोंदणी नसलेल्याच्या हाती काय, हे ओघानंच आलं. शिवाय किराणा सकाळी ७ ते ११ एवढाच ठेवला की गर्दी कमी होत नाही, चार तासांत कोंबली जाते.

पाच स्तरांत दोन आकडे बघायचे: पॉझिटिव्हिटी (चाचण्यांपैकी किती टक्के बाधित) आणि किती टक्के ऑक्सिजन बेड भरलेत. पहिला ५ टक्क्यांखाली आणि दुसरा २५ टक्क्यांखाली असेल तर पहिला, सर्वांत सैल स्तर. पहिला २० टक्क्यांवर किंवा दुसरा ७५ टक्क्यांवर गेला की पाचवा, सर्वांत कडक. गुरुवारी आढावा, सोमवारपासून अंमल.

गोम पहिल्या आकड्यात आहे. १,००० चाचण्यांत ८० बाधित म्हणजे ८ टक्के. लक्षणं नसलेल्यांच्या आणखी १,००० अँटिजेन (झटपट, पण कमी अचूक) चाचण्या केल्या आणि त्यात १० सापडले, तर तोच जिल्हा साडेचारवर! जूनअखेरीस फक्त आरटीपीसीआर ही प्रयोगशाळेतली अधिक अचूक चाचणी धरायचं ठरलं, ते योग्यच होतं.

आमचा कौल स्तरांना, पण बेडच्या आकड्याला जास्त वजन देऊन. लाट अंगावर आलेली असताना मात्र सोमवारची वाट बघणं परवडत नाही. तिथे सरसकट बंदच.