एका जॅकमधून 7.1? इंदूरमध्ये सराउंड साउंडच्या नावाखाली ₹12,000 ची लूट

यूएसबी साउंड कार्ड ₹2,450. स्पीकर सेट ₹8,900. ‘5.1 केबल’ ₹650. एकूण ₹12,000 मोजून हवा होता चहूबाजूंनी वेगवेगळा आवाज, घरी आलं ते साधं स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा दोनच आवाज. दुकानाचं नाव इथं देत नाही, पण हा माल कसा खपवतात ते इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात कळलंच पाहिजे.

कार्डाच्या खोक्यावर ठळक ‘7.1 चॅनल’, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर), प्रत्येकाला स्वतंत्र आवाज. कार्डाला भोकं दोनच, एक हेडफोनचं, एक माइकचं. 3.5 मिमीच्या स्टिरिओ पिनेत टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीनच भाग असतात, म्हणजे दोन चॅनल आणि एक अर्थिंग. 5.1 ला, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, सहा चॅनल लागतात, म्हणून अशा तीन पिना लागतात: हिरवी पुढच्या स्पीकरांची, काळी मागच्यांची, नारिंगी सेंटर आणि सबवूफरची. अशा कार्डावरचं 7.1 हे फक्त सॉफ्टवेअरचा आभास असतो, तोही हेडफोनपुरता. ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये आठ स्पीकर गोल फिरताना दिसतात. बाहेर येतात दोनच चॅनल.

आणि ती ₹650 ची केबल! एका टोकाला एकच पिन, दुसऱ्या टोकाला सहा आरसीए पिना. म्हणजे डावा-उजवा तोच आवाज सहा तोंडांना वाटून दिलेला.

संताप येतो तो दुकानातल्या डेमोचा. साधं स्टिरिओ गाणं लावलं आणि पाचही स्पीकर दणाणले. गायकाचा आवाज मागून, तितकाच मोठा! तिथंच खटकायला हवं होतं. स्टिरिओ गाणं खऱ्या 5.1 ला दिलं, तर फिल किंवा अपमिक्सचा (स्टिरिओ सगळ्या स्पीकरांत पसरवणारा) पर्याय चालू केल्याशिवाय मागचे स्पीकर गप्पच राहतात. सगळे एकसारखे वाजले याचा अर्थच सिग्नल वाटलेला आहे. पण बाजाराच्या गलक्यात, दुकानदार व्हॉल्यूम चढवत असताना हे कुणाच्या लक्षात येईल? खोक्यावर छापलेलं असताना गिऱ्हाइकानं चिप उघडून बघायची का?

स्पीकरवर ‘10,000 वॅट पीएमपीओ’ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) आणि खाली ‘150 वॅट आरएमएस’ (सतत मिळणारी ताकद). ॲम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर मात्र 220-240 व्होल्ट, 60 वॅट. भिंतीतून 60 वॅट घेणारं यंत्र सतत 150 वॅट देऊच शकत नाही. पीएमपीओ वाचूच नका, मागची पट्टी वाचा.

तक्रार केल्यावर उत्तर काय, तर “ऑप्टिकल वाला ले लो भैया, बारह सौ और.” हा दुसरा सापळा. ऑप्टिकलमधून, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या डिजिटल केबलमधून, साधा पीसीएम (न दाबलेला) आवाज दोनच चॅनल जातो, 5.1 जातं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबलेलं. सिनेमा चालेल, पण गेमसाठी आवाज जागीच दाबणारं डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असलेलं कार्ड हवं आणि समोर ते उलगडणारा डिकोडर हवा. ब्लूटूथ तर स्टिरिओच.

खरं म्हणजे बहुतेकांना कार्ड लागतच नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर मागे तीन जॅक असतात. रिअलटेक या साउंड चिपच्या सॉफ्टवेअर पॅनलमध्ये 5.1 निवडलं की निळा जॅक मागच्या स्पीकरांचा होतो, गुलाबी, एरवी माइकचा, तो सेंटर-सबवूफरचा. माइक पुढच्या पॅनलला लावा. हे कुठलाही दुकानदार सांगणार नाही.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “लेन-देन का मामला है, फोरम जाइए,” म्हणजे ग्राहक आयोगात. पुढच्या कचेरीत विचारलं, “बिल पे सेवन पॉइंट वन लिखा है?” बिलावर होतं ‘कंप्यूटर एक्सेसरी’. खोका दाखवला, तर “खोका तो कंपनी का है.” मग खोका कशासाठी छापतात? ऑनलाइन अर्जाचं तर आणखी संतापजनक: दुकानदारानं ‘माल बरोबर आहे’ एवढं लिहिलं आणि तक्रार ‘निराकरण’ म्हणून बंद. माल कुणी पाहिला नाही, पिन कुणी मोजली नाही. लुटलेल्यानंच पुरावा आणायचा, तंत्रज्ञाचा दाखलाही स्वतःच्या खर्चानं काढायचा, आणि लुटणाऱ्याची एक ओळ पुरते!

तरी सोडू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ या शिक्क्याला घाबरू नका: ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, ₹5 लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील लागत नाही.

खरेदी जेल रोडची असो की आरएनटी मार्गाची, लॅपटॉप सोबत न्या. विंडोजच्या रनमध्ये (विंडोज की आणि R) mmsys.cpl टाका, प्लेबॅक, कॉन्फिगर, 5.1, मग एकेका स्पीकरवर क्लिक करा. ‘मागचा डावा’ दाबल्यावर फक्त मागचा डावाच वाजला पाहिजे. पडद्यावर विश्वास ठेवू नका, कान लावा. दुकानदार नको म्हणाला तर उठा. पक्कंच बिल घ्या, त्यावर मध्य प्रदेशचा 23 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक पाहा, आणि कार्डाचं मॉडेल, ‘सहा स्वतंत्र ॲनालॉग आउटपुट’ हे शब्द दुकानदाराच्या हातानं लिहून घ्या.