रोजचं दिनविशेष क्विझ: प्रश्न ठीकठाक, खरा माल रात्रीच्या उत्तरात

सकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर पाच प्रश्न येतात, आजच्या तारखेला इतिहासात काय झालं त्यावर, आणि उत्तरं रात्री साडेनऊला. बास, एवढंच आहे हे. कोल्हापुरातलीच दोघं-तिघं वाचणारी माणसं चालवतात, महिन्याला ३० रुपये, यूपीआयनं पाठवायचे. धड नावपण ठेवलं नाही अजून, सगळे त्यांना दिनविशेषवाले म्हणतात. बरेच जण विचारतायत घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

नुसते प्रश्न बघितले तर विशेष काय नाही. पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे कधी धावली, आणि पर्याय काय तर १७५३, १८५३, १९५३. अरे बाबा, १७५३ ला कुठली आगगाडी, बारकं पोरगंपण सांगंल. असले सन ओळखा टाईपचे प्रश्न जरा जास्तच असतात आणि ते कुठल्यापण जीकेच्या पुस्तकात मिळतात. पैसे वसूल होतात ते रात्री, उत्तराखाली जी आठ-दहा ओळींची माहिती येते तिथं.

आता २६ जुलैचाच प्रश्न बघा. १९०२ ला याच तारखेला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवायचा आदेश निघाला, तेव्हा शाहू महाराज कुठं होते? पर्याय पन्हाळा, मुंबई, राधानगरी, इंग्लंड. आमच्या घरात सगळ्यांनी पन्हाळा दाबलं, आदेश कोल्हापूरचा म्हटल्यावर महाराज इथंच कुठंतरी असणार की. उत्तर इंग्लंड! सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेले होते. आणि गंमत पुढंच आहे, तो राज्याभिषेक आधी ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमकी महाराजांची जन्मतारीख (२६ जून १८७४), पण दोनच दिवस आधी राजाचं अपेंडिक्सच्या दुखण्यावर ऑपरेशन करावं लागलं आणि सोहळा गेला ९ ऑगस्टवर. आता ९ ऑगस्ट म्हणजे काय, तर गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसलेंची जयंती, जन्म १८९० चा. त्याच परदेश दौऱ्यात महाराजांनी तिकडची मैदानं, थिएटरं बघितली आणि पुढं इथं कुस्तीचं खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर उभं केलं. पॅलेस थिएटर १९१५ चं, तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. आणि ते जळालं ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. एका तारखेवरनं कुठनं कुठं नेलं बघा की. हे उत्तर आलं त्या रात्री ग्रुपवर बारा वाजेपर्यंत मेसेज चालू होते, कोण खाऊगल्लीतनं धूर बघून पळत गेलेलं, कुणी शाळेत असताना त्या स्टेजवर नाचलेलं, कुणाला झोपायचंच नव्हतं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे तारखांच्या भानगडीतनं ही माणसं पळ काढत नाहीत. पन्हाळ्याहून शिवाजी महाराज निसटले ती रात्र १२ जुलै १६६०, आषाढ पौर्णिमा. पण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आजच्या कॅलेंडरनं मोजली तर ती येते २२ जुलैला. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ ला, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, त्यामुळं आधीच्या तारखांत असा दहा-अकरा दिवसांचा फरक पडतोय. हे वाचल्यावर तिथी का तारीख हा आमच्या गल्लीतला जुना वाद मिटला असं काय नाही, उलट आणि एक पार्टी तयार झाली. चंद्राचंपण तसंच. माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ ला असं सगळीकडं छापतात, पण आपल्याकडच्या घड्याळात तेव्हा २१ जुलैची पहाट होती, पावणेदोन वाजलेले. त्यांनी दोन्ही उत्तरांना मार्क दिले. असं मोठं मन बाकी कुठल्या क्विझमध्ये बघितलं नाही. मी आधी एक मोठ्या कंपनीचं ॲप वापरत होतो, त्यात आपल्याकडचं म्हणून २ ऑक्टोबर सोडून काय यायचंच नाही.

आता तक्रारी. प्रश्न फोटोत टाकून पाठवतात आणि अक्षर एवढं बारीक की आमचे आबा रोज मलाच वाचायला लावतात, सरळ टाईप करून पाठवा की राव. गुण मोजायची पद्धतपण गंडलीय, दिवसभर वेळ असल्यावर गूगल करूनच उत्तर देणार ना लोक, आणि रविवारी पहिला नंबर कायम त्याच दोन-चार जणांचा. ज्या तारखेला काय सापडत नाही तिथं जागतिक अमुक दिन, जागतिक तमुक दिन घुसडतात, ते तर अगदीच पाणी घातलेलं दूध. एमपीएससी करणाऱ्या पोरांनी याच्या भरवशावर राहू नये, सिलॅबस वगैरे धरून काय नाही हे. उलट घरात म्हातारी माणसं असतील तर जरूर घ्या. ११ डिसेंबरला कोयनेच्या भूकंपाचा प्रश्न होता, १९६७ चा, आणि पहाटे मांडणीवरची भांडी कशी खणाणली, सगळी गल्ली चादरी गुंडाळून रस्त्यावर कशी बसली होती हे आबांनी व्हॉईस मेसेज करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दिनविशेषवाल्यांनी ते लिहून सगळ्यांना पाठवलं, खाली आबांच्या नावासकट. तेव्हापासनं पैसे आबाच भरतात.

चालवणाऱ्यांना एक सांगणं आहे. १५ जानेवारीला पैलवान खाशाबा जाधवांची जयंती, त्यांचा प्रश्न हमखास येणार, तेव्हा १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, ब्राँझ एवढंच नका विचारू, ते शेंबडं पोरगंपण सांगतंय. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते, ते विचारा, आणि पर्याय देऊ नका.