सेमाग्लुटाइड: गोळी की सुई?
इंदुरात सकाळी सातलाच पोहे-जिलबी पुढ्यात येते, गोळीची खरी परीक्षा तिथेच. मधुमेह आणि वजनावरच्या या औषधाची गोळी उपाशीपोटी, फार तर 120 मिली पाण्यासोबत. मग अर्धा तास चहासुद्धा नाही. भूक आणि साखर आवरणाऱ्या जीएलपी-1 हार्मोनची नक्कल करणारं हे औषध तोंडावाटे घेतलं की जेमतेम एक टक्का रक्तात पोचतं, म्हणून गोळी रोज आणि मिलिग्रॅमही जास्त. सुई आठवड्यातून एकदा, जेवणाशी देणंघेणं नाही. पेन फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. मळमळ दोन्हींत. भारतात ही गोळी रायबेल्सस नावाने 2022 मध्ये आली ती मधुमेहासाठी. वजनासाठी याच औषधाची वेगोवी नावाची सुई 2025 मध्ये. आमच्या आत्याला सुईची धास्ती, पण उठल्याउठल्या चहा हवाच! डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तिच्यासाठी मी सुईच म्हणेन.