ट्यूनाचा डबा: तेलातला की पाण्यातला?

सोलापुरात उजनी धरणाचा मासा ताजा मिळतो, समुद्राचा मात्र लांबून येतो. म्हणून घरात ट्यूनाचा एखादा डबा असलेला बरा. वजन सांभाळायचं असेल तर पाण्यातला घ्या: निथळलेल्या 100 ग्रॅमला साधारण 100 ते 120 कॅलरी, तेलातल्याला 200च्या आसपास. प्रथिनं दोन्हींत भरपूर. शिवाय तेल निथळताना थोडं ओमेगा-3ही (माशातली चांगली चरबी) जातं, पाण्यासोबत फारसं जात नाही.

पण कडक भाकरीशी खायचा तर मी तेलातलाच सांगेन. पाण्यातला कोरडा लागतो, घशाशी अडतो. तेलातला मऊ राहतो. कांदा, लिंबू, चिमूटभर काळा मसाला, झालं! तेल कोणतं ते लेबलवर वाचा. ऑलिव्हचं असेल तर ओतून देऊ नका, त्यातच कांदा परता. रक्तदाब असलेल्यांनी दोन्हींत सोडियमचा आकडा पाहावाच.