नाळरक्ताची सार्वजनिक पेढी, दात्यांची नोंदणी की मिश्र पेढी?

घरात जुळणारा दाता नसलेल्या रुग्णांना मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) मिळाव्यात, यासाठी तीन व्यवस्था उभारता येतात: प्रौढ दात्यांची नोंदणी, नाळरक्ताची (जन्मानंतर नाळेत उरलेल्या रक्ताची) सार्वजनिक पेढी, किंवा दान आणि कुटुंबासाठीची सशुल्क साठवण एकत्र चालवणारी मिश्र पेढी.

नोंदणी सुरू करणं सर्वांत सोपं. गालाच्या आतून बोळा फिरवून एचएलए, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे सांगणाऱ्या पेशींवरच्या खुणा, तपासायचं; पेशी दात्याच्या शरीरातच राहतात, साठवणुकीचा खर्च नाही. जगभरात असे 4 कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत. मात्र जुळलेला दाता शोधून, तपासून तयार करण्यात आठवडे, कधी महिने जातात आणि ऐनवेळी काही जण माघार घेतात. रक्ताचा कर्करोग झपाट्याने वाढत असेल तर रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो.

नाळरक्त आधीच तपासून उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेलं असतं. शिवाय जुळणी थोडी कमी असली तरी चालते. परक्या प्रौढ दात्याबाबत एचएलएच्या 8 पैकी 8 खुणा जुळाव्यात असा प्रयत्न असतो, नाळरक्तात 6 पैकी 4 वरही प्रत्यारोपण झालेलं आहे. ज्या समाजांतले दाते नोंदणीत फार थोडे आहेत किंवा ज्यांचा वंश मिश्र आहे, अशा रुग्णांसाठी हा फरक जीव वाचवणारा ठरतो. माझ्या मते सार्वजनिक पेढी उभारण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच.

पण पेशी पुरेशा हव्यात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 2.5 कोटी पेशी लागतात. लहान मुलाला एक पिशवी पुरते, प्रौढाला अनेकदा दोन लागतात. पेशी रुजायलाही जास्त दिवस लागतात आणि तोवर संसर्गाची भीती राहते. गोळा केलेल्या बऱ्याच पिशव्या पेशी कमी भरल्याने साठवणुकीतून बाद होतात. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. त्यातच जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे रक्त कमी मिळालं तरी ते मिनिट बाळाचंच आहे, पेढीने त्यावर हक्क सांगू नये.

मिश्र पेढीत सशुल्क साठवणुकीतून दानाचा खर्च भागेल, असा हिशेब असतो. मला तो पटत नाही, कारण स्वतःच्या बाळासाठी केलेल्या साठवणुकीचा उपयोग मर्यादित आहे. बाळाचा आनुवंशिक आजार त्याच्या स्वतःच्या नाळरक्तातही असतो, म्हणून त्यावर ते रक्त कामाचं नाही. घरात आधीच आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी: 1988 मध्ये पॅरिसला झालेलं पहिलं नाळरक्त प्रत्यारोपण बहिणीकडून भावाला, फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठीच होतं. अशा कुटुंबांसाठीची साठवण सार्वजनिक पेढीनेही करावी.

निर्णयाआधी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना मागणी विचारा. आई-वडील किंवा भावंडांकडून अर्ध्या जुळणीवर होणारी प्रत्यारोपणं वाढल्याने बऱ्याच ठिकाणी नाळरक्ताचा वापर घटला आहे. पैसा तुटपुंजा असेल तर आधी नोंदणी करा. रुग्णांना जुळणारे दाते खरोखरच मिळत नसतील आणि जवळ चालू सार्वजनिक पेढी असेल, तर तिचं संकलन केंद्र व्हा: प्रसूतिगृहातल्या परिचारिकांना प्रशिक्षण, कळा सुरू होण्याआधी आईची संमती, तिच्या रक्ताची एचआयव्ही व कावीळ तपासणी, आणि पिशवी 48 तासांच्या आत पेढीत. हे वर्षभर नीट जमलं की मगच साठवणुकीच्या स्वतःच्या टाक्या घ्या.