ओट्याला काळा ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? खारपाणपट्ट्यातला अनुभव

जुन्या घरी आम्ही बारा वर्षं काळा ग्रॅनाइट वापरला. नव्या स्वयंपाकघरात चार वर्षांपासून फिकट राखी क्वार्ट्झ, म्हणजे दगडाच्या चुऱ्यापासून केलेला कृत्रिम दगड, आहे. दोन्ही ओटे रोज रात्री मीच पुसत आलोय, त्यामुळे लिहितोय ते पुसणाऱ्याच्या बाजूनं.

"काया गोट्याले काई होत नाई, भाऊ," असं आमचा मिस्त्री म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नाही. चुलीवरून उतरवलेला तवा थेट ठेवा, वरणाचा गंज ठेवा, ठेचा कुटा, ग्रॅनाइट हूं का चूं करत नाही. त्याआधीच्या कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग कायमचा, कारण तो चुनखडीचा दगड. ग्रॅनाइटला तीही भीती नव्हती.

पण आमचं पाणी बोअरचं. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला-अमरावती-बुलढाण्याचा हा पट्टा, इथलं पाणी खारं, क्षारांनी भरलेलं. काळ्या चकचकीत दगडावर प्रत्येक थेंब वाळला की पांढरं कडं. नळाच्या बुडाशी खरखरीत थर. रात्री ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्यानं पुसा, तरी सकाळी पहिला चहा होईस्तोवर ओटा भुरकट. लिंबू आणि व्हिनेगरनं थर निघायचा, पण आठवडाभरात परत यायचा. शेवटी कुणीतरी सांगितलेलं अ‍ॅसिडचं औषध वापरलं आणि सिंकजवळचं पॉलिश गेलं ते गेलंच. आईला त्या ओट्याचा फार त्रास झाला. दिवसभर खपून घासलेली जागा घाणेरडी दिसावी, हे तिला सहन व्हायचं नाही.

मग फिकट ग्रॅनाइट का नाही? तोही पाहिला. क्षार त्यावर दिसत नाहीत, पण फिकट दगड बहुधा जास्त तेल पितो. नमुन्याच्या तुकड्यावर शेंगदाण्याचं तेल टाकून ठेवलं, तासाभरात गडद गोल उमटला. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं औषध, दर वर्षी लावत राहिलं तर चालेल. आमच्याकडून ते झालं नसतं.

क्वार्ट्झमध्ये साधारण 90 टक्के दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा बांधून ठेवणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य. रेझिनमुळे तेल आत शिरत नाही, आणि फिकट दाणेदार रंगावर क्षार डोळ्यांत भरत नाहीत. थर साचतो इथेही, फक्त आता तो आठवड्यातून एकदा काढला तरी भागतं. हळद रात्रभर राहिली तर पिवळी झाक येते. खायच्या सोड्याचा लेप दोनदा लावून आमच्याकडची गेली.

दुखणंही रेझिनचंच. साधारण 150 अंशांपुढे ते करपू शकतं, आणि तळणाचं तेल 170-180 पर्यंत जातं. म्हणून जुन्या ग्रॅनाइटचा एक तुकडा रबरी पाय लावून शेगडीशेजारी ठेवलाय, गरम भांडं त्यावरच. घरात रोज पाच-सहा जण स्वयंपाक करत असतील आणि ही सवय लागणार नसेल, तर ग्रॅनाइटच बरा. परसातल्या उन्हातल्या ओट्यालाही क्वार्ट्झ नको, रेझिन उन्हानं पिवळं पडतं.

खर्च आमच्याकडे ग्रॅनाइटपेक्षा बराच जास्त आला, आणि कापायला माणूस शहरातून आणावा लागला. त्याला अंगणात कोरडं ग्राइंडर चालवू देऊ नका. ग्रॅनाइटची धूळही वाईटच, पण क्वार्ट्झच्या धुळीत फुफ्फुसाला घातक सिलिका कितीतरी जास्त. कापणाऱ्यांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारामुळे ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड बंद केला. मापं देऊन दुकानातच पाणी सोडून कापून घ्या, भोकंसुद्धा.

तुमच्या नळाला गोडं पाणी असेल तर माझा त्रास तुम्हाला कदाचित होणार नाही, आणि मग काळा ग्रॅनाइट सोडून क्वार्ट्झवर जास्तीचा पैसा कशाला? खारं असेल तर दोन्हींचे नमुने घरी आणा, आपल्याच नळाचं पाणी शिंपडा, न पुसता वाळू द्या आणि सकाळी खिडकीच्या उजेडात बघा. आम्ही तसंच केलं होतं. आईनं राखी तुकड्यावरून हात फिरवला आणि काळा उचलून बाहेर ठेवला.