बाइकसाठी वॉटरप्रूफ जीपीएस घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

बाइकला लावायचा जीपीएस म्हणून मला पुण्यातल्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जे विकलं गेलं, ते बाइकचं यंत्र नव्हतंच. तशाच धाटणीचे खोके अजूनही दुकानांत आणि ऑनलाइन दिसतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेगळा जीपीएस घेण्याचं कारण साधं होतं. पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात उतरताना मोबाइलवर विसंबता येत नाही. स्क्रीनवर पाणी पडलं की टच भलतीकडेच लागतो, घाटात रेंज जाते. शिवाय मोठ्या इंजिनाच्या बाइकची कंपनं हँडलवरच्या फोनचा कॅमेरा बिघडवू शकतात, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ साली दिला होता.

दुकान इमारतीच्या तळघरात. दुकानदाराने काउंटरवरच यंत्र सुरू करून दाखवलं. नकाशावर बाण सरसर पुढे चालला होता, हिंदीतून वळणं सांगितली जात होती. ग्लोव्ह घालून स्क्रीन दाबून पाहिली, तर ती छान चालत होती. खोक्यावर ठळक ‘आयपीएक्स-७’ हा पाणी रोखण्याचा दर्जा आणि ‘लाइफटाइम मॅप अपडेट’. "साहेब, धबधब्याखाली धरा, काही होणार नाही," हे त्याचे शब्द. साडेआठ हजार घेतले आणि बिलावर लिहिलं फक्त ‘बाइक अ‍ॅक्सेसरी’.

आता यातली चलाखी बघा. जीपीएसला उपग्रहांचे सिग्नल लागतात, आणि ते स्लॅबखालच्या तळघरात सहसा पोचत नाहीत. बाण पळत होता तो डेमो मोडमध्ये. अशा यंत्रांच्या मेन्यूत ठरलेला रस्ता नुसता चालवून दाखवायची सोय असते. गिऱ्हाइकाला वाटतं यंत्र चालतंय, प्रत्यक्षात ते काहीच पकडत नसतं.

पहिला झटका चांदणी चौकातच बसला. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवे उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. या नकाशात मात्र सगळं जुनंच, आणि यंत्र अस्तित्वात नसलेल्या वळणावर वळायला सांगत राहिलं. मुळशी ओलांडल्यावर पावसाने जोर धरला. ताम्हिणीत शिरलो तेव्हा काचेच्या आतून वाफ धरली होती. थोड्या वेळाने खालच्या कडेला आतल्या बाजूने पाण्याची रेघ दिसू लागली, स्क्रीन पांढरी पडली आणि यंत्र बंद. धुकं, समोरून एसटी, आणि गावांकडे फुटणारे फाटे ओळखायला काही साधन नाही. अशा ठिकाणी माणसाला अडकवणाऱ्या मालाला मी नुसता निकृष्ट माल म्हणणार नाही, हा जिवाशी खेळ आहे.

परत आल्यावर ओळखीच्या मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडून ते उघडून घेतलं. दोन्ही झाकणं नुसती खटक्यांवर बसवलेली, सांध्यात रबराची रिंग नाहीच. कार्डाच्या खाचेवरचं रबर वरून चिकटवलेलं, त्याच्या बाजूने बोटभर पाणी सहज जाईल. सुरू करताना क्षणभर विंडोज सीई दिसायचं, म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर लावायच्या स्वस्त यंत्रांत असायची तीच प्रणाली. कारचं यंत्र जाड कडांच्या प्लास्टिकमध्ये घालून, हँडलचा क्लॅम्प जोडून विकलेलं. नकाशा कार्डावर कॉपी करून टाकलेला, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मग अपडेट देणार कोण?

दुकानदाराचं उत्तर ऐकून तर डोकंच फिरलं. "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." वॉटरप्रूफ म्हणून विकायचं आणि पाणी गेलं म्हणून हात झटकायचे!

आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही बिघडेल इतकं पाणी आत जाता कामा नये. तेसुद्धा स्थिर पाण्यात. वेगात तोंडावर बसणारा पावसाचा मारा वेगळा, त्यासाठी आयपीएक्स-६ पण लिहिलंय का ते बघा. आणि छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, चार्जिंगचं झाकण नखाने उचलून आतलं रबर बघा. यंत्र दुकानाबाहेर, उघड्या आकाशाखाली सुरू करायला लावा. तुम्ही उभे आहात तोच रस्ता दिसतो का, चार पावलं चालल्यावर बाण हलतो का ते तपासा. नकाशात अटल सेतू शोधा. तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालाय, सापडला नाही तर नकाशा त्याआधीचा समजा. विक्रेता यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर तिथून निघा.

बिलावर मॉडेलचं नाव आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल मोघम असलं तरी खोका आणि दुकानदाराचे ‘वॉटरप्रूफ आहे’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहेत. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे असलं यंत्र पडून असेल तर खोका टाकू नका, आणि उघडण्याआधी आतल्या पाण्याचे फोटो काढून ठेवा.